पेशीचे पटल, जीबीएस आणि आपल्या हंड्यातले पाणी

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांतले रुग्ण एकामागून एक दवाखान्यात येऊ लागले. बहुतेकांची तक्रार सारखीच होती. आधी जुलाब, उलट्या, ताप. ते बरे झाल्यासारखे वाटते न वाटते तोच पायाला मुंग्या. मग जिना चढता येईना, बसलेल्या जागेवरून उठता येईना, हातात कप धरता येईना. काहींना श्वास घेणेही जड झाले आणि व्हेंटिलेटर लावावा लागला.

या आजाराचे नाव गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. त्या साथीत पुणे परिसर आणि राज्यातला इतर भाग मिळून संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला आणि दहाहून अधिक माणसे दगावली. पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले, तेव्हा अनेकांमध्ये कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. काहींमध्ये नोरोव्हायरस हा विषाणूही होता. दोन्ही जंतू दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात.

जंतू पोटात गेला, जुलाब झाले, हे कुणालाही समजते. पण पोटातल्या जंतूने पाय का लुळे पडावेत? याचे उत्तर आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती असलेल्या एका अतिशय पातळ आवरणात आहे. ते आवरण समजले तर पाणी का उकळायचे, साबण का लावायचा आणि दवाखान्यात कधी धावायचे, हे पाठ करावे लागत नाही. म्हणून या अंकात त्याची ओळख करून घेऊ.

तेलाचा दुहेरी थर

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनले आहे. प्रत्येक पेशीभोवती जे आवरण असते त्याला पेशीपटल म्हणतात. मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला प्रद्रव्यपटल असाही शब्द सापडेल. त्याची जाडी साधारण सात ते आठ नॅनोमीटर. एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. म्हणजे अशी सव्वा लाखाच्या आसपास पटले एकावर एक रचली, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल.

हे पटल मुख्यतः स्निग्ध पदार्थाचे, म्हणजे एक प्रकारच्या चरबीचे असते. रश्श्यावर तर्री तरंगते, ती पाण्यात मिसळत नाही, हे आपण रोज पाहतो. पटलातल्या चरबीचा कण मात्र दोन स्वभावांचा असतो. त्याला फॉस्फोलिपिड म्हणतात. त्याच्या डोक्याला पाणी आवडते आणि त्याच्या दोन शेपट्यांना पाणी अजिबात चालत नाही. असे असंख्य कण पाण्यात आले की ते आपोआप दोन रांगांत उभे राहतात. डोकी बाहेर, पाण्याकडे. शेपट्या आत, एकमेकींकडे. दोन पोळ्या एकावर एक ठेवाव्यात तसा हा दुहेरी थर तयार होतो.

हा थर दुहेरी आहे हे १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवले. त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशींमधली चरबी काढून पाण्यावर एका थरात पसरवली. तिने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट भरली. पुढे १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी सांगितले, की हे पटल भिंतीसारखे ताठ नसते. ते दाट तेलासारखे सतत हलते आणि त्यात प्रथिनांचे कण तरंगत असतात. आजही शाळा-कॉलेजात हेच चित्र शिकवतात.

या थरात अधूनमधून कोलेस्टेरॉलचे कणही बसलेले असतात. कोलेस्टेरॉल म्हटले की आपल्याला हृदयविकार आठवतो. रक्तात ते जास्त झाले तर त्रास होतो हे खरेच, पण पेशीपटलाला ते लागतेच. पटल फार कडक होऊ नये आणि फार पातळही होऊ नये, हे काम ते करते. म्हणून आपले यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल तयार करते.

पटलाची दारे आणि ओआरएस

तेलाच्या थरातून प्राणवायू आणि कार्बन डायऑक्साइड सहज ये-जा करतात. मीठ आणि साखर मात्र स्वतःहून आत जाऊ शकत नाहीत. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे हे ही दारे ठरवतात.

अशाच एका दारामुळे लाखो मुलांचे प्राण वाचले आहेत. आपल्या लहान आतड्याच्या पेशींवर एक दार असे आहे, की ते साखर आणि मिठातले सोडियम दोघांना जोडीनेच आत घेते. ते आत गेले की मागोमाग पाणी आत जाते. जुलाब चालू असतानासुद्धा हे दार बहुधा काम करत राहते. म्हणून नुसते पाणी पाजण्यापेक्षा मीठ आणि साखर योग्य प्रमाणात घातलेले पाणी अंगी लागते. ओआरएसचे सारे गमक एवढेच आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपात भरून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिले. तिथले मृत्यू झपाट्याने कमी झाले.

घरी पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून ढवळावे. मीठ अंदाजाने जास्त घालू नये, त्याने उलट अपाय होतो. पुडी असेल तर ती किती पाण्यात घालायची ते तिच्यावर छापलेले असते. तेवढ्याच पाण्यात ती संपूर्ण घालावी, थोडी थोडी करून वापरू नये.

साखरेची खूण

पटलावर तिसरी एक गोष्ट असते आणि जीबीएस समजून घ्यायला तीच महत्त्वाची आहे. पेशीच्या बाहेरच्या बाजूला, चरबीच्या आणि प्रथिनांच्या कणांवर साखरेच्या छोट्या साखळ्या चिकटलेल्या असतात. ही चहातली साखर नव्हे, तर तिच्या नात्यातल्या निरनिराळ्या शर्करा. या साखळ्या म्हणजे पेशीची ओळख पटवणारी खूण.

ही खूण आपल्या परिचयाची आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या रक्तदान शिबिरात आपल्या कार्डावर ए, बी, एबी किंवा ओ असे लिहून मिळते. ते काय असते? तांबड्या पेशीच्या पटलावर एच नावाची एक मूळ साखळी असते. तिच्या टोकाला एका प्रकारची शर्करा जोडलेली असेल तर गट ए, दुसऱ्या प्रकारची असेल तर बी, दोन्ही असतील तर एबी आणि काहीच जोडलेले नसेल तर ओ. म्हणजे रक्तगटांमधला हा फरक पटलावरच्या एका शर्करेचा आहे. जातीचा, धर्माचा त्याच्याशी काही संबंध नाही.

काही मोजक्या माणसांत ती मूळ एच साखळीच नसते. हा गट पहिल्यांदा मुंबईत ओळखला गेला. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून जगभर त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण या माणसाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. त्याच्या शरीराला एच साखळीसुद्धा परकी वाटते आणि रक्तातली प्रतिपिंडे तिच्यावर तुटून पडतात.

प्रतिपिंडे म्हणजे आपल्या शरीराचे पहारेकरी. पेशीवरची खूण पाहून ती आपला कोण आणि परका कोण ते ठरवतात. बहुतेक वेळा हा निवाडा बरोबर ठरतो. जीबीएसमध्ये तो चुकतो.

खुणेची गफलत

मेंदूचा आणि मज्जारज्जूचा निरोप हातापायांच्या स्नायूंपर्यंत नसा पोहोचवतात. नसेच्या पेशीपटलावरही शर्करेच्या खुणा असतात. त्यातल्या एका कणाला जीएम-१ म्हणतात. कॅम्पायलोबॅक्टर जिवाणूला दोन पटले असतात आणि त्याच्या बाहेरच्या पटलावरही शर्करेच्या साखळ्या असतात. या जिवाणूच्या काही जातींवरची साखळी आपल्या नसेवरच्या जीएम-१ सारखीच असते. हे साम्य १९९३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले.

आता पुढे काय होते ते पाहा. दूषित पाण्यातून जिवाणू पोटात जातो. शरीर त्याच्यावरची खूण ओळखून त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. जुलाब थांबतात, जिवाणू मरतो, पण प्रतिपिंडे रक्तात फिरत राहतात. फिरता फिरता त्यांना नसेवर तशीच खूण दिसते आणि ती आपल्याच नसेला शत्रू समजून तिच्यावर चिकटतात. त्यांच्या मदतीला रक्तातली आणखी काही प्रथिने येतात आणि ती नसेच्या पटलाला अक्षरशः भोके पाडतात. पटलाची दारे उघडून-मिटूनच नसेतून निरोप पुढे सरकत असतो. पटल फाटले, दारे बिघडली की निरोप वाटेतच थांबतो.

जीबीएसच्या दुसऱ्या प्रकारात हल्ला नसेच्या वेष्टनावर होतो. विजेच्या तारेवर प्लास्टिक असते तसे अनेक नसांवर मायलिनचे वेष्टन असते. हे वेष्टन म्हणजे दुसऱ्या एका पेशीचे पटलच असते, नसेभोवती अनेक वेढे देऊन गुंडाळलेले. ते खराब झाले की निरोप मंदावतो. दोन्ही प्रकारांत परिणाम सारखाच: स्नायू धडधाकट असतात, पण त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचत नाही.

म्हणूनच जुलाब झाल्यावर लगेच नाही, तर साधारण एक ते तीन आठवड्यांनी पाय गळतात. प्रतिपिंडे तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. आणि म्हणूनच जीबीएस एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. जंतू पसरतो, पण खुणेची गफलत ज्याच्या त्याच्या शरीरातच होते. रुग्णाला शिवायला, त्याला जेवू घालायला, त्याचे कपडे बदलायला कुणीही घाबरू नये.

प्रत्येक जुलाबानंतर हा आजार होतो असेही नाही. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारांपैकी एकालाच जीबीएस होतो. पण एकाच पाण्यातून हजारो घरांत जंतू गेला, तर त्या हजारातल्या एकाची संख्याही मोठी होते. पुण्यात ते आपण पाहिले.

साबण, उकळी आणि क्लोरीन

पटल समजले की स्वच्छतेचे नियम आपोआप उलगडतात. पाणी उकळले की जिवाणूच्या पटलातली आणि आतली प्रथिने अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठतात, पटल फुटते आणि जिवाणू मरतो. विषाणूही उकळीत टिकत नाही. पाणी खळखळ उकळू लागल्यावर एक मिनिट पुरते, अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. मात्र उकळलेले पाणी झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. हात किंवा पेला बुडवला तर सगळी मेहनत वाया जाते.

क्लोरीनसुद्धा जंतूच्या पटलावर आणि प्रथिनांवर हल्ला करते. मेडिक्लोरसारखे द्रावण मिळाले तर बाटलीवर लिहिलेले थेंब मोजून घालावे आणि अर्धा तास थांबून पाणी प्यावे. आरओचे किंवा जारचे पाणी गार आणि गोड लागते म्हणून ते सुरक्षितच असते असे नाही. आरओमधून गेलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्यामुळे नंतर अस्वच्छ जारमधून त्यात जंतू शिरले तर त्यांना अडवणारे काही नसते. या साथीत महापालिकेने त्या भागातल्या काही खासगी आरओ प्रकल्पांवर कारवाई केली होती.

साबणाच्या कणालाही पाणी आवडणारे डोके आणि पाणी टाळणारी शेपटी असते. तो चरबीच्या पटलात घुसून ते उसवतो. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचे आवरण होते, म्हणून साबण आणि सॅनिटायझर दोन्ही त्याच्यावर चालले. नोरोव्हायरसला असे चरबीचे आवरण नसते. त्यामुळे सॅनिटायझरवर विसंबून चालत नाही. साबण लावून, हात चोळून, वाहत्या पाण्याने विषाणू धुऊन काढावा लागतो. शौचाहून आल्यावर, बाळाचे शौच काढल्यावर आणि स्वयंपाकाला हात लावण्याआधी हे केलेच पाहिजे.

कॅम्पायलोबॅक्टर कोंबडीच्या आतड्यात सहज राहतो. म्हणून चिकन आतपर्यंत शिजवावे. कच्चे चिकन धुताना उडालेले पाणी जवळच्या भांड्यांवर, कोथिंबिरीवर पडणार नाही हे पाहावे. त्याची सुरी आणि विळी धुतल्याशिवाय काकडी-टोमॅटोला लावू नये.

कधी धावायचे

खालीलपैकी एकही लक्षण दिसले, विशेषतः गेल्या तीन आठवड्यांत जुलाब किंवा ताप येऊन गेला असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे:

• दोन्ही पायांना मुंग्या, आणि पायांतली ताकद तासागणिक किंवा दिवसागणिक कमी होणे
• चालताना तोल जाणे, बसलेले असताना उठता न येणे
• अशक्तपणा पायांकडून हातांकडे चढत जाणे
• चेहरा वाकडा होणे, गिळायला किंवा बोलायला त्रास
• धाप लागणे, श्वास अपुरा वाटणे

यात वेळ दवडू नये. वात आला म्हणून मालिश, बाहेरचे झाले म्हणून अंगारा, वशिल्याने कुणाकडून तरी घेतलेले इंजेक्शन, यात दोन दिवस गेले तर तेवढ्यात श्वासाचे स्नायू निकामी होऊ शकतात. श्वासाचा त्रास असेल तर १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

जीबीएसवर उपचार आहेत. एक, आयव्हीआयजी नावाचे इंजेक्शन सलाइनसारखे शिरेतून देतात. निरोगी लोकांच्या रक्तातून काढलेली ही प्रतिपिंडे चुकलेल्या प्रतिपिंडांचा जोर कमी करतात. दुसरा उपचार प्लाझ्मा बदलण्याचा. त्यात चुकलेली प्रतिपिंडे रक्तातून गाळून काढतात. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केले तर यांचा फायदा जास्त होतो. चांगले उपचार मिळूनही शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात, पण बहुतेक जण पुन्हा चालू लागतात. नसेचे पटल आणि वेष्टन शरीर हळूहळू दुरुस्त करते. त्याला आठवडे लागतात, कधी महिने लागतात. तोवर व्यायामोपचार, म्हणजे फिजिओथेरपी, नेमाने चालू ठेवावी. घरातला कमावता माणूस पडला तर तो आळस करतो आहे असे कुणी समजू नये.

आयव्हीआयजी महाग असते. म्हणून सावकाराकडे जाण्याआधी हे लक्षात ठेवावे: जीबीएसचा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याला भेटावे. २०२५ च्या साथीत महापालिकेने मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात या रुग्णांसाठी खाटा राखून ठेवल्या होत्या. ससून रुग्णालयाचा पर्यायही आहेच.

वस्तीने मिळून करायचे काम

घरात पाणी उकळणे आपल्या हातात आहे, पण गटाराच्या पाण्यातून गेलेली फुटकी जलवाहिनी एका घराला दुरुस्त करता येत नाही. त्यासाठी वस्तीने एकत्र यावे लागते. विहारातल्या महिला मंडळाच्या किंवा तरुण मंडळाच्या पुढच्या बैठकीत तीन कामे ठरवता येतील.

पहिले, नळाला गढूळ किंवा वास येणारे पाणी आले तर तारीख, वेळ आणि गल्ली वहीत लिहून ठेवायची. दुसरे, क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज देऊन आपल्या गल्लीतल्या शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करायला सांगायची आणि अर्जाची पोच घ्यायची. या चाचणीत पाणी पिवळे झाले तर त्यात क्लोरीन शिल्लक आहे असे समजते. पिवळे झाले नाही तर तेच पाणी वस्तीभर जाते आहे, याची नोंद मागायची. तिसरे, एका आठवड्यात वस्तीतल्या तीन-चार घरांत जुलाब दिसले तर आशाताईंना किंवा महापालिकेच्या दवाखान्याला त्याच दिवशी कळवायचे.

पाण्यासाठी उभे राहणे आपल्याला नवे नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते पाण्यावर प्रत्येक माणसाचा हक्क आहे हे सांगण्यासाठी. ते पाणी जंतुमुक्त मिळावे, हाही त्याच हक्काचा भाग आहे. वही आणि अर्ज याच आठवड्यात सुरू करावेत. पावसाळ्यात गटारे तुंबतात आणि जलवाहिन्यांत घाण शिरते, त्याआधी आपल्या शेवटच्या नळाची तपासणी झालेली असावी.